ज्वालामुखी परिषदेत पहिल्यांदा संशोधन मांडताना : सातारा-सांगलीच्या नव्या संशोधकांसाठी

सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातून भूशास्त्रात एमएस्सी करून पीएचडीला लागलेल्या मुलामुलींचे मला वरचेवर फोन येतात. प्रश्न ठरलेले असतात. ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचा छोटा सारांश, कसा लिहायचा, पैसे कोण देतं, व्हिसाला काय काय लागतं. आणि फोन ठेवता ठेवता, जरा दबक्या आवाजात, "ताई, तिथं सगळे जिवंत ज्वालामुखीवाले असणार. आपण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विझलेल्याचं काय सांगायचं?"

पहिल्या तिन्हींची उत्तरं पुढे टप्प्याटप्प्याने येतीलच. शेवटच्याचं आधी देते, कारण ते पटलं नाही तर कागदपत्रं बिनचूक असूनही पोस्टरपुढे उभं राहताना तुम्ही अंग चोराल. इटलीतल्या एटना किंवा हवाईतल्या किलाउएआ या जिवंत ज्वालामुखींवर काम करणाऱ्याला लाव्हा वाहताना दिसतो, पण खालचे थर बघायला त्याला एखादा कडा किंवा बोअरचा नमुना शोधावा लागतो. आपल्याकडे पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला आलात की सुमारे १२०० मीटर जाडीचे लाव्हाचे थर खालून वर क्रमाने रस्त्याकडेला उघडे पडलेले दिसतात, कांदा मधोमध चिरावा तसे. हा आपला ज्वालामुखी म्हणजे दख्खनच्या पठाराचा लाव्हा, आणि त्याच्या सगळ्यात वरच्या उपगटाचं नावच 'वाई उपगट' आहे. त्यातले पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर हे शैलसमूह, म्हणजे थरांचे गट, जगभरच्या शोधनिबंधांत येतात. तिथं भेटणाऱ्या कितीतरी जणांनी ही नावं वाचलेली असतात, घाट मात्र पाहिलेला नसतो. तुम्ही एसटीने तिथून शंभरदा गेला आहात. तेव्हा आपला ज्वालामुखी थंड आहे ही गोष्ट लपवायची नाही. तिच्यामुळेच तुमच्याकडे दाखवण्यासारखं काही आहे.

१. परिषद निवडा, पण नाव ऐकून नको

ज्वालामुखीशास्त्राची मुख्य आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे आयएव्हीसीईआय. तिची वैज्ञानिक सभा २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या रोटोरुआला आणि २०२५ मध्ये जिनिव्हाला झाली. तिथं लाव्हाच्या भौतिकशास्त्रापासून धोक्याच्या नकाशांपर्यंत सगळे विषय असतात, आणि नव्या संशोधकांचं एक जाळंही आहे. त्यात आधीच नाव नोंदवा, तिथं गेल्यावर निदान जेवायला सोबत मिळते. याच संघटनेशी जोडलेली 'सिटीज ऑन व्होल्कॅनोज' ही परिषद ज्वालामुखीच्या सावलीत राहणाऱ्या वस्त्यांभोवती फिरते. दख्खनच्या थरांचा क्रम लावणाऱ्याला तिथं श्रोते कमी मिळतील.

व्हिएन्नात दर वसंतात भरणारी ईजीयू (युरोपची भूविज्ञान परिषद) आणि अमेरिकेत डिसेंबरात भरणारी एजीयू (तिथली भूविज्ञान परिषद) या जत्रा आहेत. हजारो लोक, शेकडो सत्रं. काम मुख्यतः समस्थानिकांचं (आयसोटोपचं) आणि रसायनाचं असेल तर गोल्डश्मिट परिषद बघा. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी परिषद किती मोठी आहे हे बघू नका, सत्र बघा. सत्रांची यादी उघडा आणि 'लार्ज इग्नियस प्रॉव्हिन्स' किंवा 'फ्लड बसाल्ट' (दख्खनसारख्या अफाट लाव्हा-प्रदेशांची ही नावं) असं काही आहे का ते शोधा. नसेल तर तुमचं पोस्टर कुठल्या तरी 'इतर' सत्रात पडेल आणि शेजारी चिखलाच्या ज्वालामुखीचं पोस्टर असेल.

२. पैशाची सोय ॲब्स्ट्रॅक्टच्या आधी बघा

इथं बहुतेकांचा क्रम उलटा असतो. ॲब्स्ट्रॅक्ट स्वीकारला गेला की मग पैसे शोधू, असं ठरवतात आणि तोवर अर्जांच्या मुदती उलटून गेलेल्या असतात. ईजीयूचं प्रवास-सहाय्य हवं असेल तर ॲब्स्ट्रॅक्ट डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो. नेहमीची मुदत मात्र जानेवारीत असते. जानेवारीची तारीख भिंतीवर लिहून बसलात तर सहाय्य गेलंच म्हणून समजा.

आपल्याकडे एसईआरबीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-संशोधन मंडळाची, आंतरराष्ट्रीय प्रवास सहाय्य योजना होती. एसईआरबी आता एएनआरएफ या राष्ट्रीय प्रतिष्ठानात विलीन झालं आहे, त्यामुळे अर्ज करताना जुन्या सीनियरने दिलेली लिंक वापरू नका, चालू नियम वाचा. सीएसआयआरकडेही तरुण संशोधकांसाठी प्रवास अनुदान आहे. परिषदेचे आयोजक बऱ्याचदा विद्यार्थ्यांना आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्यांना नोंदणीत सवलत देतात, पण ती आपणहून मागावी लागते.

एक सापळा मोठा आहे. सरकारी पैशाच्या विमानप्रवासाचं तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांपैकी एकाकडूनच काढायचं, असा केंद्राचा नियम आहे आणि अनेक संस्था अनुदानालाही तो लावतात. मोबाइलवर स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लगेच काढलं, की बिल परत येतं. संस्थेच्या लेखा विभागाला आधी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

३. ॲब्स्ट्रॅक्ट : एकच दावा

आपल्या प्रबंधांच्या सवयीने पहिली पाच वाक्यं 'दख्खनचं पठार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं असून' यातच खर्च होतात. ज्वालामुखीच्या सत्राला बसलेल्या माणसाला हे माहीत असतं. पहिल्या दोन वाक्यांत कोडं सांगा, तिसऱ्यात तुम्ही काय केलं ते, चौथ्यात काय सापडलं ते. आकड्यांसकट. 'निष्कर्षांवर चर्चा केली जाईल' हे वाक्य लिहायची इच्छा झाली तर समजा, ॲब्स्ट्रॅक्ट अजून तयार नाही.

लिहून झाल्यावर तो एकदा मराठीतून घरी सांगून बघा, भूशास्त्राशी संबंध नसलेल्या माणसाला. विहिरी खोदणारे कुणी ओळखीचे असतील तर फारच उत्तम. काळा पाषाण कुठं संपतो आणि मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र खडक) कुठं लागतो हे त्यांना तुमच्या माझ्याहून चांगलं कळतं, आणि ते "मग त्यानं काय होतंय?" असं तोंडावर विचारतात. त्याचं एका वाक्यात उत्तर देता आलं, की तेच तुमचं शीर्षक.

सादर करण्याआधी तीन परवानग्या तपासा. सहलेखकांची संमती, गाईडसकट, लेखी. नमुने जंगलातून घेतले असतील तर वनखात्याचं पत्र. कोयना अभयारण्य आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथं हातोडा काढण्याआधीच हे पत्र हवं. आणि कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीतल्या गाभ्यांवर, म्हणजे खोल बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांवर, काम असेल तर तो डेटा जाहीर करायची त्यांची परवानगी.

नावाचंही बघा. सांगलीतून कुणी एस. पाटील म्हणून निबंध लिहिला तर जगाला काय कळणार कुठले पाटील? जाधव, शिंदे, पवार यांचंही तेच. ओआरसीआयडी हा संशोधकाचा क्रमांक फुकट मिळतो, तो काढून घ्या आणि ॲब्स्ट्रॅक्टवर नाव पासपोर्टवर आहे तसंच द्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी तर नक्कीच, कारण निमंत्रणपत्र, विमा आणि पासपोर्ट यांवर वेगवेगळी नावं असली की व्हिसाच्या खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं.

४. पासपोर्ट आणि व्हिसा

सातारा आणि सांगली दोन्ही पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. पासपोर्ट नसेल तर परिषद ठरण्याची वाट बघू नका, आजच अर्ज करा. पोलीस पडताळणीच्या वेळी अर्जातल्या पत्त्यावर सापडा. पुण्यात हॉस्टेलवर राहून गावचा पत्ता दिलेल्यांची इथंच अडचण होते.

युरोपसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण १५ दिवसांवर विसंबू नका, अपॉइंटमेंटच महिनाभर मिळत नाही असं उन्हाळ्यात सर्रास होतं. काही देशांचे अर्ज पुण्यातल्या केंद्रात घेतात, काहींसाठी मुंबई गाठावी लागते. ज्या देशात परिषद, त्याच देशाकडे अर्ज, हे साधं धोरण ठेवा. लागणारी कागदं अशी :

- पासपोर्ट : मागच्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, दोन पानं कोरी
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे नवे फोटो
- ॲब्स्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं पत्र, आयोजकांचं निमंत्रणपत्र, नोंदणीची पावती
- संस्थेचं ना-हरकत पत्र : तुम्ही कोण, किती दिवस जाता, रजा मंजूर आहे, परत येऊन काम पुढे चालू ठेवणार
- खर्च कोण करतं त्याचं पत्र आणि फेलोशिपचं पत्र
- बँकेचं मागच्या काही महिन्यांचं स्टेटमेंट, शिक्क्यासह
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, सगळ्या दिवसांसाठी
- जाण्यायेण्याचं आरक्षण आणि राहण्याची सोय

घर शेतीवर चालत असेल तर वडिलांचं आयकर विवरणपत्र नसतं, आणि मग लोक सात-बाराचे उतारे भाषांतर करून जोडतात. ते जोडायला हरकत नाही, पण सगळा भार त्यावर टाकू नका. फेलोशिप किंवा अनुदान खर्च उचलणार असल्याचं संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र जास्त कामाला येतं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून खात्यात एकदम लाखभर जमा करून घेणं तर नकोच. ते स्टेटमेंटात लगेच दिसतं.

५. पोस्टर की भाषण?

पहिल्या वेळी पोस्टर मिळालं म्हणून हिरमुसू नका. भाषणाला बहुतेक ठिकाणी १२ मिनिटं आणि प्रश्नांना ३ मिळतात, कधी त्याहूनही कमी. पोस्टरपुढे मात्र ज्याला खरोखर रस आहे तो वीस मिनिटं उभा राहतो. ओळखी होतात त्या तिथं.

पोस्टरचं माप आयोजकांच्या पानावरून घ्या. ईजीयूचा फलक आडवा, साधारण २ मीटर बाय १ मीटर असतो. आपण सवयीने उभं करतो आणि ते फलकाखाली लोंबतं. छपाई कापडावर करा, घडी घालून पाठीवरच्या बॅगेत जाते. फ्लेक्स जड असतो, त्याला घडीच्या रेषा पडतात, वर वासही येतो. कापडावर छापणारे पुण्या-कोल्हापुरात मिळतात. गावातल्या वाढदिवसाच्या बॅनरवाल्याकडूनच करून घ्यायचं असेल तर पीडीएफ देताना सगळी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे चित्राच्या रेषांत बदलून, द्या. नाहीतर तो फाइल कोरलड्रॉमध्ये उघडतो आणि तुमचे डेल्टा, सिग्मा आणि समस्थानिकांचे वर चढवलेले आकडे चौकोन होऊन छापले जातात.

मांडणीचं एवढंच सांगते : दावा शीर्षकात, मोठ्या अक्षरात, पूर्ण वाक्य म्हणून. मधोमध घाटाचा एक मोठा फोटो, त्यावर थरांच्या सीमा आणि मापासाठी माणूस. हे तुमचं हुकमाचं पान आहे, ते पोस्टकार्डाएवढं करून कोपऱ्यात टाकू नका. आलेखांत लाल-हिरवी जोडी टाळा, रंगांधळ्या वाचकाला दोन्ही सारखेच दिसतात.

भाषण असेल तर मिनिटाला एक स्लाइड. पाठांतर करू नका, पण पहिली चार वाक्यं मात्र झोपेतही यायला हवीत. धडधड कमी होईपर्यंत तेवढी पुरतात. कॉलेजात एमएस्सीच्या वर्गापुढे दोनदा सराव करा, एकदा घड्याळ लावून आणि एकदा मुलांना मध्येच तोडायला सांगून.

६. हे प्रश्न येणारच

तयारीचा निम्मा वेळ इथं द्या.

*"मुख कुठे आहे?"* शंकूच्या ज्वालामुखीवर वाढलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न. दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून आला आणि त्या भेगांतला गोठलेला लाव्हा आज डाइकच्या रूपात दिसतो. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, नाशिक-पुणे भागात आणि पश्चिम किनाऱ्यावर डाइकचे थवे आहेत. कोणत्या थराला कोणता डाइक पुरवठा करत होता हे रसायनावरून जुळवायचं काम अजून चालू आहे. तुमच्याकडे त्या जुळणीचा एखादा तुकडा असेल तर इथंच काढा. आणि आंध्रातलं राजमहेंद्री विसरू नका : गोदावरीच्या मुखाजवळचे तिथले थर रसायनाने आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळतात. म्हणजे लाव्हा जवळपास १००० किलोमीटर वाहत गेला असावा. हे ऐकून समोरचा हमखास खुर्ची पुढे ओढतो.

*"डायनोसॉर कुणी मारले?"* मेक्सिकोतल्या चिकशुलूबला आदळलेली उल्का की दख्खन, हा वाद तुम्ही पोस्टरपुढे सोडवणार नाही. पण २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एकत्रच आलेले दोन निबंध तुम्हाला तोंडपाठ हवेत. एका गटाने थरांमधल्या लाल बोलमधून, म्हणजे घाटात दिसणाऱ्या त्या विटकरी पट्ट्यांमधून, झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक वेचून युरेनियम-शिशाने वय काढलं. त्यांना उद्रेक मोठमोठ्या झटक्यांत झालेले दिसले आणि एक झटका उल्केच्या जरा आधी. दुसऱ्या गटाने खुद्द लाव्हातल्या खनिजांचं आर्गॉन पद्धतीने वय काढलं. त्यांना उद्रेक बऱ्यापैकी सलग दिसले आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा उल्केनंतरचा. दोन्ही गटांचे नमुने याच घाटांतले. तुमचा कल एका बाजूला असला तरी आधी दोन्ही बाजू सांगा, कारण समोर उभा असलेला माणूस त्यातल्याच एखाद्या गटातला असू शकतो.

*"एक थर किती वर्षांत?"* इथं आइसलँडचं लाकी उपयोगी पडतं. १७८३-८४ मध्ये तिथल्या २७ किलोमीटरच्या भेगेतून आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आला आणि सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड. दख्खनचे मोठे उद्रेक याच्या कितीतरी पट होते. तुलना करा, पण सरळ गुणाकार करून वायूचा आकडा सांगू नका. पुढचा प्रश्न लगेच 'उद्रेक किती काळ चालला?' असा येतो, आणि तिथं गुणाकार करणारा अडकतो.

*"प्रत्येक लाल पट्टा म्हणजे उद्रेकांत पडलेला मोठा खंड का?"* नाही. काही पट्टे जुन्या मातीचे आहेत, काहींत ज्वालामुखीची राख मिसळलेली आहे, आणि एकाच उद्रेकात लाव्हाच्या अनेक जिभा (लोब) एकमेकांवर चढतात तेव्हा मध्ये पट्टा नसतोच. तुम्ही पट्टे मोजून उद्रेक मोजले असतील तर आत्ताच ते पुन्हा तपासा.

*"कोयनेचा भूकंप ज्वालामुखीमुळे का?"* हा प्रश्न परदेशात कमी, साताऱ्यात जास्त. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप हा जलाशयाशी जोडलेल्या भूकंपाचं जगप्रसिद्ध उदाहरण आहे, ज्वालामुखीचं नाही. पण त्या अभ्यासासाठी कोयना भागात ३ किलोमीटर खोल बोअरचं विवर घेतलं गेलं आणि बसाल्टचा थर तिथं सुमारे सव्वा किलोमीटरवर संपून खाली ग्रॅनाइटी खडक लागला. घाट वरचं दाखवतो आणि विवर खालचं. घाटाचा वरचा टप्पा आणि विवर एकाच सातारा जिल्ह्यात आहेत, हे सांगायला विसरू नका.

उत्तर येत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही, तुमचा पत्ता द्या, कळवते" एवढं म्हणा. घोळवत बसू नका, पोस्टरपुढचे लोक ते लगेच ओळखतात.

७. बॅग भरताना

हातोडा केबिन बॅगेत नको, सुरक्षा तपासणीला काढून घेतात. दगड दाखवायचाच असेल तर तळहाताएवढा, धुऊन कोरडा केलेला एक तुकडा आणि खडकाच्या पातळ कापांच्या दोन-तीन काचपट्ट्या पुरे, सोबत संस्थेचं पत्र. न्यूझीलंडसारख्या देशात बुटांना लागलेली मातीसुद्धा चालत नाही, फील्डचे बूट ब्रशने घासून न्या आणि आगमनाच्या अर्जात खरं लिहा.

खाऊचंही सांगते, कारण घरचे ऐकत नाहीत. युरोपीय संघात बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कंदी पेढ्यांवरून विमानतळावर वाद घालण्यापेक्षा पेढे घरीच ठेवा आणि सांगलीचं भडंग न्या. पोस्टरच्या सत्रात पुडा उघडला की आपोआप गर्दी जमते.

मुंबईला विमानासाठी निघताना खंबाटकी आणि खंडाळा दोन्ही घाट धरून वेळ काढा, शनिवार-रविवार असेल तर आणखी. सांगली, कराड किंवा साताऱ्याहून रात्रीची महालक्ष्मी धरली तर घाटातल्या कोंडीची चिंता उरत नाही. फक्त विमान दुपारनंतरचं असू द्या.

८. तिथं पोचल्यावर

पहिल्या दिवशी नोंदणी, फलकाचा क्रमांक, हॉलची जागा. पोस्टर वेळेआधी लावा. सत्राच्या सूत्रधारांना आधीच भेटून नाव कसं उच्चारायचं ते सांगा. ज्यांचे निबंध तुम्ही वाचलेत अशा पाच जणांची यादी घेऊन जा आणि त्यांना आठवडाभर आधी दोन ओळींचा ईमेल टाका : मी अमुक, माझं पोस्टर अमुक क्रमांकाचं, अमुक वेळी तिथं आहे. येतात लोक.

फील्ड सहल परवडत असेल तर जा. जिवंत ज्वालामुखी भारताच्या मुख्य भूमीवर नाही, अंदमानातलं बॅरन बेट आहे, पण तिथं कुणी सहज जाऊ शकत नाही.

९. परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात भेटलेल्यांना ईमेल करा आणि कबूल केलेले आकडे, फोटो पाठवून द्या. महाबळेश्वरला यायचंय असं कुणी म्हणालं असेल तर जून ते सप्टेंबर नको, म्हणून स्पष्ट सांगा. धुक्यात आणि शेवाळात थर दिसत नाहीत.

आणि बिलं. बोर्डिंग पास जाताना-येतानाचे दोन्ही जपा, मूळ प्रत. नोंदणीची पावती, व्हिसा शुल्काची पावती, विम्याची पावती, परकीय चलन घेतल्याची पावती आणि हजेरीचं प्रमाणपत्र, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. अनुदानासाठी बिलं देण्याची मुदत परतल्यानंतर लगेच सुरू होते आणि ती चुकली तर पैसे तुमच्याच खिशातून जातात. फाइल लेखा विभागात दिली की आवक क्रमांक लिहून घ्या, आणि दर सोमवारी फोन करा.